मिळवता मुलगा

घरात मिळवता मुलगा असणे हे आपल्याकडे भाग्याचे लक्षण समजले जाते. त्याच्या पहिल्या पगाराचे पेढे देवापुढे ठेवायचे, उरलेली रक्कम आईच्या हाती द्यायची आणि वडिलांनी 'आता आमचे काम संपले' असे म्हणत आरामखुर्चीत रेलायचे, हे चित्र मराठी घरांना अपरिचित नाही. परंतु हा मिळवता मुलगा जर सहा वर्षांचा असेल तर? त्याची मिळकत बापाच्या मिळकतीहून अधिक असेल, आणि बापाचा व मुलाचा धंदाही एकच असेल, तर त्या घरात वडीलधारे कोणास म्हणावयाचे? कोणी कोणाचे ऐकावयाचे?

अमेरिकेतील चित्रपटसृष्टीला हा प्रश्न फार लवकर पडला, आणि बरीच वर्षे तिला त्याचे उत्तर सापडले नाही. १९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' या चित्रपटात जॅकी कूगन नावाच्या एका चिमुरड्याने साऱ्या जगाला रडविले आणि हसविले. पुढची काही वर्षे त्याच्यावर पैशाचा नुसता पाऊस पडत होता. वयात आल्यावर त्याने आपल्या पैशाची चौकशी केली, तेव्हा आई आणि सावत्र वडील यांनी तो बहुतेक सर्व खर्चून टाकला असल्याचे त्याला आढळले. १९३८ साली त्याने त्यांच्यावर फिर्याद केली. हाती फारसे काही लागले नाही. मात्र त्या प्रकरणाच्या गाजावाजामुळे १९३९ साली कॅलिफोर्नियात बालनटांच्या मिळकतीला संरक्षण देणारा कायदा झाला. लोक त्याला आजही कूगनच्याच नावाने ओळखतात. कायद्याने पैशाला कुलूप लावता येते. बालपणाला मात्र तसे कुलूप लावता येत नाही. ते घरातल्या माणसांनाच राखावे लागते.

एका घराने ते कसे राखले, राखताना काय गमावले, आणि त्या घरातून बाहेर पडलेला मुलगा पुढे काय झाला, याची ही हकीकत आहे. मुलाचे नाव रॉन हॉवर्ड. अमेरिकेच्या दोन पिढ्यांनी त्याला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लहानाचा मोठा होताना पाहिले; नंतरच्या दोन पिढ्या त्याला चित्रपट-दिग्दर्शक म्हणून ओळखतात.

रॉनचा जन्म १ मार्च १९५४ रोजी ओक्लाहोमा राज्यातील डंकन या गावी झाला. वडिलांचे मूळचे नाव हॅरॉल्ड बेकेनहोल्ट. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा नटाच्या धंद्याचे वेड घेऊन घराबाहेर पडला आणि रंगभूमीसाठी त्याने रॅन्स हॉवर्ड हे सुटसुटीत नाव धारण केले. आई जीन स्पीगल हीही अभिनेत्री. ओक्लाहोमाच्या विद्यापीठात नाट्यशिक्षण घेताना दोघांची ओळख झाली, आणि मुलांची नाटके करीत गावोगाव हिंडणाऱ्या एका मंडळीत असताना १९४९ साली त्यांनी विवाह केला. आपल्याकडच्या जुन्या नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांची कल्पना असणाऱ्यांना या संसाराचे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल: पेटाऱ्यात कपडे, डोक्यात नकला आणि खिशात फारसे काही नाही.

मुलाचे नटपण याच वातावरणात आपोआप उगवले. रॅन्स 'मिस्टर रॉबर्ट्स' या नाटकात काम करीत असता तालमी ऐकून ऐकून लहानग्या रॉनीला त्यातले संवाद पाठ झाले. अक्षरओळख होण्यापूर्वीच पाहुण्यांपुढे बापलेकांचा तो प्रवेश होऊ लागला. पुढे रॅन्स एकदा स्वतःसाठी काम शोधीत एका चित्रपटसंस्थेच्या कचेरीत गेले असता त्यांना तेथे लहान मुलांची रांग दिसली. 'माझाही एक मुलगा आहे, आणि तो चांगला नट आहे,' असे त्यांनी सांगून टाकले. मुलाला बोलाविणे आले. बापलेकांनी तोच पाठ असलेला प्रवेश करून दाखविला आणि अनातोल लिटवाक यांच्या 'द जर्नी' या चित्रपटात त्याला भूमिका मिळाली. १९५९ साली प्रकाशित झालेल्या या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मुलाला व्हिएन्नापर्यंत जावे लागले. बाप स्वतःसाठी काम मागावयास गेला आणि मुलाचे काम घेऊन परतला. पुढील साऱ्या आयुष्याची दिशा या एका प्रसंगात दिसून येते. अशा वेळी एखाद्या बापाच्या मनात काय काय येऊन गेले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. रॅन्स यांनी ते कधी मुलाच्या अंगावर काढले नाही, एवढे मात्र मुलाने पुढे आवर्जून सांगितले आहे.

कुटुंब १९५८ साली हॉलिवुडच्या परिसरात येऊन राहिले, आणि ३ ऑक्टोबर १९६० रोजी 'द अँडी ग्रिफिथ शो' ही मालिका सुरू झाली. मेबेरी नावाच्या एका काल्पनिक गावातला विधुर पोलीस-अधिकारी अँडी टेलर, त्याचा लहान मुलगा ओपी, आणि घर सांभाळणारी आत्या, एवढाच तिचा पसारा. मालिका आठ हंगाम चालली. १९६८ पर्यंत तिचे २४९ भाग झाले आणि सहा वर्षांचा ओपी अमेरिकेच्या घराघरात चौदा वर्षांचा झाला.

या मालिकेच्या आरंभी एक गोष्ट घडली. त्या काळच्या विनोदी मालिकांत लहान मुलाचे काम ठरलेले असे: मोठ्यांना चुरचुरीत उत्तर द्यावयाचे, बापाला मूर्ख ठरवावयाचे आणि हशा पिकवावयाचा. ओपीही प्रथम त्याच साच्यात लिहिला जात होता. रॅन्स यांनी एक सूचना केली: या मुलाला आपल्या बापाविषयी आदर आहे असे दाखविले तर? ती सूचना अँडी ग्रिफिथ यांना पटली. मग लेखकांनी खऱ्या बापलेकांकडे पाहूनच पडद्यावरील बापलेक घडविले. चित्रीकरणाच्या जागी बसून मुलाला संवाद समजावून देणारा तो अप्रसिद्ध नट, आपण होऊन, देशातील एका आवडत्या बापाचा नमुना झाला. श्रेयनामावलीत त्याबद्दल त्याचे नाव कोठेही नव्हते.

रॅन्स मुलाला शिकवीत ती पद्धतही ध्यानात घेण्यासारखी होती. गोड दिस, लाडिक बोल, असे ते त्याला कधी सांगत नसत. समोरचा बोलतो ते खरोखर ऐक, त्याचा अर्थ मनाशी लाव, आणि मग उत्तर दे, एवढीच त्यांची शिकवण असे. १९६३ सालचा 'ओपी द बर्डमॅन' हा भाग आजही वाखाणला जातो. गलोल मारताना ओपीच्या हातून एक पक्षीण मरते. बाप त्याला मारीत नाही. खिडकी उघडतो आणि आईवाचून चिवचिवणाऱ्या पिलांचा आवाज त्याला ऐकवतो. मग मुलगा ती पिले वाढवितो आणि शेवटी त्यांना सोडूनही देतो. नऊ वर्षांच्या मुलाने ते काम ज्या संयमाने केले आहे, त्यात रॅन्स यांची तालीम स्पष्ट दिसते.

दिग्दर्शक होण्याचे बीजही तेथेच पडले असावे. सात वर्षांचा असताना रॉनीने एकदा धीर करून सांगितले की, हे वाक्य लहान मूल अशा रीतीने बोलणार नाही. दिग्दर्शकाने ते मानले आणि वाक्य बदलले. मुलगा आनंदाने हसत उभा राहिला. अँडींनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, माझी सूचना तुम्ही आज पहिल्यांदाच स्वीकारलीत. यावर अँडींनी उत्तर दिले की, कारण तुझी पहिलीच सूचना स्वीकारण्याजोगी होती! सारे हसले. पण आपला शब्द योग्य असला तर मोठी माणसे तो ऐकतात, आणि योग्य नसला तर लहान म्हणून गय करीत नाहीत, हा दुहेरी धडा त्या मुलाला मिळाला. कॅमेरा कसा सरकतो, दिवे कसे लागतात, हे तो सुटीच्या वेळात कामगारांना विचारीत असे.

पैशाच्या बाबतीत हॉवर्ड दांपत्याने घरात एक शिस्त घालून घेतली होती. मुलांच्या मिळकतीतून रिवाजाप्रमाणे जेवढी दलाली घेता आली असती, त्यापेक्षा फार थोडी त्यांनी घेतली; बाकीची रक्कम मुलांच्या नावे साठत गेली. घर बापाच्या मिळकतीवर चालले पाहिजे, हा रॅन्स यांचा आग्रह होता. त्यामुळे बर्बँक येथील त्यांचे घर साधेच राहिले. मालिकेचे काम नसेल तेव्हा मुलगा गावच्या सार्वजनिक शाळेत जाई. तेथे त्याच्या कीर्तीचा सन्मान होत नसे. पोरे ओपी या नावाचे विडंबन करून त्याला चिडवीत, प्रसंगी मारामाऱ्याही होत. तरीही आईबापांनी त्याला शाळेतून काढले नाही. या निर्णयात थोडा कठोरपणा होता हे खरे. पण चिडविणाऱ्या मुलांमुळेच आपण इतरांसारखेच एक आहोत याचे भान त्याला राहिले, असेही म्हणता येईल.

या साऱ्याची किंमत आईने मोजली. जीन हॉवर्ड यांनी आपला अभिनय बाजूला ठेवला आणि बापलेक चित्रीकरणात गुंतलेले असता घर व धाकटा मुलगा सांभाळला. कर्तबगार घरांच्या कथा सांगताना अशा बायकांचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. या घरात पुढे त्यांची आठवण कशी ठेवली गेली, ते यथावकाश येईलच.

मालिका संपली तेव्हा रॉन चौदा वर्षांचा होता. बालनटाच्या आयुष्यातील खरे संकट याच वयात येते. गोडवा सरतो, आवाज फुटतो, आणि कालपर्यंत ज्याला डोक्यावर घेतले त्याला लोक ओळखेनासे होतात. रॉनने या वर्षांत सुपर-८ कॅमेऱ्यावर स्वतःचे छोटे चित्रपट काढावयास आरंभ केला. शाळा संपल्यावर तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट-विभागात दाखल झाला. पदवी मात्र त्याने पुरी केली नाही. कारण काम पुन्हा चालून आले. १९७३ साली जॉर्ज लुकस यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' प्रकाशित झाला, आणि १५ जानेवारी १९७४ पासून 'हॅपी डेज' ही नवी मालिका सुरू झाली. तीत रॉनची भूमिका होती रिची कनिंगहॅम या सज्जन, सरळमार्गी तरुणाची.

मालिकेचा नायक रिची; पण लोकांनी उचलून धरला तो हेन्री विंकलर यांनी रंगविलेला, चामड्याचे जाकीट घालणारा फॉन्झी. मासिकांच्या मुखपृष्ठांवर फॉन्झी, मुलांच्या जेवणाच्या डब्यांवर फॉन्झी! अखेर मालिकेचे नावच त्याच्या नावाने बदलावे अशी कल्पना वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी काढली. रॉनने निर्माते गॅरी मार्शल यांना शांतपणे सांगितले की, तसे झाले तर आपण परत विद्यापीठात जाऊ. नाव बदलले नाही. या प्रसंगात दोन नटांचे हाडवैर व्हावयाचे, तेही झाले नाही. रॉनने विंकलर यांच्यावर राग धरला नाही आणि विंकलर यांनीही यशाचा तोरा मिरविला नाही. पुढे रॉनच्या पहिल्या कन्येचे धर्मपिता विंकलर झाले.

याच काळात, ७ जून १९७५ रोजी, रॉनचा विवाह शेरिल ॲली हिच्याशी झाला. शाळेत इंग्रजीच्या वर्गात भेटलेली ही मुलगी. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस. चित्रपटसृष्टीतील विवाह किती टिकाऊ असतात याविषयी जगात जो समज आहे, तो या दांपत्याने खोटा ठरविला. २०२५ साली त्यांच्या विवाहाला ५० वर्षे पुरी झाली. रॉन यांच्या चित्रपटांत शेरिल कोठेतरी क्षणभर दिसून जातात. तो त्या घरचा शुभशकुनच होऊन बसला आहे. त्या स्वतः लेखिका आहेत. पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरील त्यांची कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली.

दिग्दर्शनाची पहिली संधी मोठ्या सन्मानाने आली नाही. स्वस्तातले चित्रपट झपाट्याने काढणारे निर्माते म्हणून रॉजर कॉर्मन यांची ख्याती होती. रॉनने आधी त्यांच्या 'ईट माय डस्ट' या मोटारींच्या धावाधावीच्या चित्रपटात काम केले, आणि त्या बदल्यात १९७७ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो' दिग्दर्शित करण्याची परवानगी मिळविली. पटकथा बापलेकांनी मिळून लिहिली. नायक रॉन, दिग्दर्शक रॉन. वडील आणि भाऊ यांनाही भूमिका. खर्च सुमारे ६ लाख डॉलर. एका प्रसंगासाठी आणखी काही माणसे हवीत म्हणून रॉनने हट्ट धरला, तेव्हा कॉर्मन यांनी त्याला नकार दिला. पण हे काम नीट केलेस तर पुन्हा माझ्याकडे काम करण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही, असेही सांगितले. तेवीस वर्षांच्या तरुणाला याहून व्यवहारी आशीर्वाद कोणता मिळणार?

१९८० साली रॉन 'हॅपी डेज'मधून बाहेर पडला. चालती मालिका, घराघरात ओळखीचा चेहरा आणि ठरलेला पगार सोडून ज्या कामात आपली किंमत अजून ठरावयाची आहे तेथे जाणे, हे संसारी माणसाला सोपे नसते. 'ओपी' काय चित्रपट दिग्दर्शित करणार, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्याच वर्षी 'स्कायवर्ड' या दूरचित्रपटात चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या, पण विमान चालविण्याची इच्छा बाळगणाऱ्या एका मुलीची कथा त्याने घेतली. त्यात प्रख्यात अभिनेत्री बेटी डेव्हिस होत्या. वय बहात्तर, आणि दिग्दर्शकाचे सव्वीस! दूरध्वनीवर त्या त्याला 'मिस्टर हॉवर्ड' म्हणत. मला रॉन म्हणा, अशी त्याने विनंती केली, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, तुम्ही मला आवडता की नाही हे ठरेपर्यंत मी 'मिस्टर हॉवर्ड'च म्हणणार. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी त्याने एका प्रसंगात बदल सुचविला. तो त्यांना पटला नाही. तरी त्यांनी करून पाहिला आणि सर्वांसमक्ष मान्य केले की हेच बरे दिसते. संध्याकाळी निघताना त्या म्हणाल्या, बरे आहे, रॉन, उद्या भेटू. आपल्याकडे 'अहो'वरून 'अरे'वर येण्यात जे वात्सल्य आहे, तेच या एका हाकेत होते; आणि गंमत अशी की, ज्या दिवशी 'मिस्टर हॉवर्ड' गळून पडले त्याच दिवशी हा मुलगा खऱ्या अर्थाने दिग्दर्शक हॉवर्ड झाला.

यानंतरची कारकीर्द जगाला ठाऊक आहे. १९८२ चा 'नाइट शिफ्ट', १९८४ चा 'स्प्लॅश', १९८५ चा 'कोकून' या चित्रपटांनी त्यांचे नाव स्थिर केले. निर्माते ब्रायन ग्रेझर यांच्या भागीदारीत त्यांनी 'इमॅजिन' ही संस्था स्थापिली. १९८९ चा 'पेरेंटहुड' तर हॉवर्ड, ग्रेझर आणि त्यांचे दोन लेखक या चार बापांच्या घरगुती फजितींतूनच उभा राहिला. १९९२ चा 'फार अँड अवे' त्यांनी १८९३ सालच्या ओक्लाहोमातील जमिनीच्या शर्यतीपर्यंत नेला. त्या शर्यतीत त्यांचे स्वतःचे काही पूर्वज धावले होते.

१९९५ चा 'अपोलो १३' हा त्यांच्या कौशल्याचा कळस मानला जातो. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानात प्राणवायूची टाकी फुटली आणि तीन अंतराळवीर मोठ्या शर्थीने परत आले, ही घटना साऱ्या जगाला माहीत होती. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत प्रेक्षकाचा श्वास रोखून धरावयाचा कसा? हॉवर्ड यांनी अमेरिकेच्या अंतराळसंस्थेचे एक विमान मिळविले. ते उंच चढवून विशिष्ट वळणाने खाली आणले की आतील माणसे सुमारे २५ सेकंद वजनरहित होतात. अशा ६०० हून अधिक फेऱ्यांतून तुकड्यातुकड्यांनी ते प्रसंग टिपले गेले. पण चित्रपटाचे मर्म त्या तरंगण्यात नाही. ते यानातील तिघे, जमिनीवरील तंत्रज्ञ आणि घरी दूरचित्रवाणीपुढे बसलेली कुटुंबे या तीन ठिकाणांच्या गुंफणीत आहे. वाट पाहणाऱ्या घरात कमांडर लव्हेल यांची वृद्ध आई आहे. ती भूमिका केली जीन हॉवर्ड यांनी. मुलांसाठी बाजूला ठेवलेला अभिनय त्यांनी उतारवयात पुन्हा हाती घेतला होता. १९९६ च्या 'माटिल्डा'मधील प्रेमळ ग्रंथपालबाईही त्याच. 'अपोलो १३'मध्येच धाकटा मुलगा क्लिंट नियंत्रण-कक्षात बसलेला दिसतो आणि रॅन्स धर्मोपदेशकाच्या वेषात.

दिग्दर्शकांच्या संघटनेने या चित्रपटासाठी हॉवर्ड यांना गौरविले. ऑस्करसाठी मात्र दिग्दर्शक म्हणून त्यांची साधी शिफारसही झाली नाही. ते पारितोषिक त्यांना मिळाले २४ मार्च २००२ रोजी, 'अ ब्यूटिफुल माइंड' या चित्रपटाबद्दल. मनोविकाराशी झुंजणाऱ्या जॉन नॅश या गणितज्ञाची ती कथा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यालाच मिळाला. आई त्या दिवशी नव्हत्या. सप्टेंबर २००० मध्ये त्यांचे निधन झाले होते. पारितोषिक स्वीकारताना मुलाने त्यांची आठवण काढली. या चित्रपटाला पारितोषिक मिळणार असे भविष्य आईने सांगितले होते, हे त्याने सांगितले, आणि हसत पुढे जोडले की, तेच भविष्य ती प्रत्येक चित्रपटाच्या वेळी सांगत असे! 

हॉवर्ड यांच्यावर टीका झालेली नाही असे नाही. नॅश यांच्या आयुष्यातील अवघड भाग, उदाहरणार्थ १९६३ चा घटस्फोट, चित्रपटाने वगळला. कानी येणाऱ्या आवाजांच्या जागी डोळ्यांना दिसणारी माणसे उभी केली. त्यांच्या चित्रपटांत कारागिरी आहे, पण दंश नाही, असे काही समीक्षक म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. ज्याने बालपणी एका सुस्वभावी बापाच्या सावलीत अभिनय केला, तो माणसाच्या भलेपणाकडे अधिक ओढला जाणार. त्यांच्या मर्यादेचे मूळ कदाचित तेथेच असेल. परंतु संकटात सापडलेली माणसे एकमेकांना धरून कशी राहतात हे दाखविण्यात त्यांचा हातखंडा आहे. थायलंडमधील गुहेत २०१८ साली अडकलेल्या १२ मुलांच्या आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या सुटकेवरील २०२२ चा 'थर्टीन लाइव्ह्ज' पाहणाऱ्याला याचा पुन्हा प्रत्यय येतो.

येथवरची कथा ऐकून असे वाटेल की, चांगले आईबाप असले म्हणजे बालनटाचे सारे ठीक होते. तसे असते तर किती बरे झाले असते! याच घरातला धाकटा मुलगा क्लिंट. त्यानेही लहानपणीच नाव मिळविले. १९६७ पासून दोन वर्षे 'जंटल बेन' या मालिकेत तो एका प्रचंड अस्वलाचा सवंगडी होता. घर तेच, शिस्त तीच, शिकविणारा बापही तोच. पण वय वाढले तसे क्लिंट दारू आणि अमली पदार्थांच्या आहारी गेला. त्यातून बाहेर पडावयास त्याला अनेक वर्षे लागली. १९९१ पासून तो व्यसनमुक्त आहे. दोघा भावांनी २०२१ साली 'द बॉइज' नावाचे आत्मवृत्त मिळून लिहिले. त्यात क्लिंट यांनी हा भाग स्वतःच्या शब्दांत, काहीही न झाकता सांगितला आहे. एकाच घराच्या दोन मुलांना एकच औषध सारखे लागू पडत नाही. एक मात्र खरे, की पडलेल्याला दार बंद झाले नाही. थोरल्या भावाच्या बहुतेक चित्रपटांत धाकट्यासाठी लहानसे का होईना काम असते. ते उपकार म्हणून मिळते असेही कोणी म्हणू शकत नाही, कारण क्लिंट हे पडद्यावर क्षणभर आले तरी लक्षात राहणारे नट आहेत.

स्वतःच्या मुलांविषयी रॉन आणि शेरिल यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे रॉन यांचा आपल्या बालपणाविषयीचा खरा निर्णय कळतो. १९८१ साली ब्राइस, १९८५ साली जोसलिन आणि पेज या जुळ्या, १९८७ साली रीड अशी त्यांना चार मुले झाली. चित्रपटनगरी सोडून कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट राज्यात राहावयास गेले. वडिलांच्या चित्रपटात गर्दीत उभे राहावयास हरकत नव्हती. पण वयात येईपर्यंत धंदा म्हणून अभिनय करावयाचा नाही, असा घरचा नियम होता. आपल्या आईबापांचे ऋण ज्याने आयुष्यभर मान्य केले, त्याने त्यांचा प्रयोग आपल्या मुलांवर मात्र पुन्हा केला नाही. ही कृतघ्नता नव्हे. त्या प्रयोगाला रॅन्ससारखा माणूस रोज, तासन्‌तास, शेजारी बसलेला लागतो, आणि गाजलेल्या दिग्दर्शकाला ते शक्य नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

ब्राइस मोठी झाल्यावर रंगभूमीवरून पडद्यावर आली. २००४ चा 'द व्हिलेज' आणि २०१५ चा 'जुरासिक वर्ल्ड' यांमुळे तिचे नाव सर्वत्र झाले. पुढे तीही दिग्दर्शनाकडे वळली. २०१९ साली तिने काढलेल्या पहिल्या मोठ्या माहितीपटाचे नाव 'डॅड्स', म्हणजे बाप. त्यात आजोबा, वडील आणि बाप होऊ घातलेला भाऊ असे तिघेही आहेत. रॅन्स त्यापूर्वीच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, वारले होते. नातीने त्यांचे बोलणे आधीच टिपून ठेवले होते म्हणून ते त्यात ऐकावयास मिळते.

हॉवर्ड स्वतः २०२४ साली पुन्हा छोट्या पडद्याकडे आले. बाहुल्यांच्या खेळाला दूरचित्रवाणीवर नवे रूप देणारे जिम हेन्सन यांच्यावरील त्यांच्या माहितीपटाला त्या वर्षीची एमी पारितोषिके मिळाली. हॉलिवुडच्या पदपथावर त्यांच्या नावाच्या दोन चांदण्या आहेत: एक १९८१ सालची, दूरचित्रवाणीसाठी, दुसरी २०१५ सालची, चित्रपटासाठी. 

रॅन्स यांच्या नावाची कीर्ती कधी झाली नाही. साठ वर्षांच्या धंद्यात त्यांनी असंख्य लहान भूमिका केल्या. कधी शेतकरी, कधी पोलीस, कधी धर्मोपदेशक. मुलाच्या चित्रपटात काम करताना ते इतर नटांप्रमाणे वेळेवर येत, संवाद पाठ करून येत, आणि दिग्दर्शक सांगेल तेथे उभे राहत. सात वर्षांच्या मुलाला ज्यांनी ऐकावयास शिकविले, ते आता त्याचे ऐकत होते. मिळवत्या मुलाच्या घरात वडीलधारे कोण, हा आरंभीचा प्रश्न त्या घरात कोणाला पडलाच नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.